भुंकण्याचें वतन

दख्खनच्या खेड्यांत रात्रीं जाणाऱ्या मनुष्यास त्या गांवाची पहिली ओळख कानांनीं होते. देवळाचा कळस, वेस किंवा पार दृष्टीस पडण्यापूर्वींच शिवेजवळच्या वस्तीवरील एक कुत्रा भुंकूं लागतो. त्याचा आवाज दुसरा उचलतो, दुसऱ्याचा तिसरा, आणि वाटसरू गांवांत पाऊल टाकतो तेव्हां त्याच्या येण्याची वर्दी सगळ्या आळ्यांतून फिरून आलेली असते. राजांच्या सनदा, लढायांच्या बखरी आणि देवस्थानांचे कागद यांवरून आपण आपल्या प्रांताचा इतिहास लिहितों. परंतु ज्या आवाजाच्या भरंवशावर आपले पूर्वज पिढ्यान् पिढ्या रात्रीं निजले, त्याकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याची आपणांस सवय नाहीं.

पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांत शिरूर व दौंड हे दोन शेजारचे तालुके आहेत. घोड आणि भीमा या त्यांच्या मुख्य नद्या. एका अंगास उघडे माळ, दुसऱ्या अंगास पाटाच्या पाण्यावरील उसाचे फड, आणि मधून मधून आगगाडीचा रस्ता, साखरेचे व इतर कारखाने, अशी या मुलखाची हल्लींची स्थिति आहे. या एकाच टापूंत कुत्र्याच्या भुंकण्याविषयीं आज दोन परस्परविरुद्ध तक्रारी ऐकूं येतात. शिरूर, रांजणगांव किंवा दौंड येथील नव्या इमारतींत राहणारा गृहस्थ म्हणतो कीं, कुत्रे रात्रभर भुंकतात, झोंप येऊं देत नाहींत, त्यांचा बंदोबस्त करा. तेथून कांहीं कोसांवर उसाच्या कडेला राहणारा शेतकरी म्हणतो कीं, आमचा कुत्रा बिबळ्यानें नेला, आतां रात्रीं भुंकणारें कोणी राहिलें नाहीं, आमचा बंदोबस्त करा. एकाच आवाजानें एकाची झोंप मोडते, आणि त्याच्या अभावानें दुसऱ्याची. हा विरोध कसा उत्पन्न झाला व त्यांतून वाट कशी काढावी, हें पाहण्यासाठीं आम्हांस बरेंच मागें गेलें पाहिजे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे कीं, आज आपण ज्यास भुंकणें म्हणतों तें श्वानकुळाचें मूळचें भाषण नव्हे. कुत्र्याचा सर्वांत जवळचा नातलग लांडगा. आपल्या माळावरील लांडग्याचें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यानें १८३१ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रमंडळाच्या वृत्तांतांत प्रसिद्ध केलें. हा साइक्स मुंबई सरकारच्या वतीनें माहिती गोळा करीत दख्खनमध्यें वर्षानुवर्षें हिंडलेला होता, आणि त्याच यादींत त्यानें आपल्याकडील कोळसुंद्यासही दख्खनचें नांव जोडून नोंदविलें आहे. हे दोन्ही प्राणी कुत्र्याच्या कुळांतले. परंतु दोघांपैकीं एकही आपल्या दारच्या कुत्र्यासारखा भुंकत नाहीं. लांडगा लांब सूर काढून ओरडतो, गुरगुरतो, आणि भय वाटलें असतां क्वचित् एकदोन तुटक भुंकार काढून थांबतो. कोळसुंदा शीळ घालून आपल्या टोळीस जमवितो. पाहुणा, चोर, बैलगाडी, शेजारचा कुत्रा, धन्याचें आगमन, भूक आणि एकटेपणा अशा नाना निमित्तांनीं, नाना सुरांत, घटकान् घटका भुंकणारा प्राणी त्या कुळांत एकच, आणि तो मनुष्याच्या दारांतला. डार्विननें १८६८ च्या आपल्या ग्रंथांत एक जुनी हकीकत दिली आहे कीं, हुआन फर्नांदेझ बेटावर रानटी झालेले कुत्रे भुंकणें विसरले होते, व त्यांतले कांहीं पुन्हां इतर कुत्र्यांच्या सहवासांत आल्यावर हळूहळू तें शिकले. या सर्वांवरून दिसतें तें असें कीं, भुंकणें ही मनुष्याच्या संगतींत वाढलेली विद्या आहे. जो कुत्रा परक्याची चाहूल लागतांच आवाज करी, त्यास आपल्या पूर्वजांनीं जवळ ठेविलें, त्यास व त्याच्या पिलांस खाऊं घातलें. मुका राहिला त्याची पर्वा केली नाहीं. आज ज्या आवाजाचा आपणांस त्रास होतो, तो आपल्याच निवडीचें फळ आहे.

या संगतीचा फार जुना पुरावा खुद्द शिरूर तालुक्यांत आहे. घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या वतीनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन झालें. सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांनीं तेथें इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेलें शेतकऱ्यांचें गांव उजेडांत आणलें. मातीचीं घरें, धान्याचीं पेंवें, नदीचें पाणी वळविण्यासाठीं खोदलेला पाट व त्याच्या कडेचा बांध, घराच्या जमिनीखालीं पुरलेले कुंभ, हें सारें तेथें सांपडलें. आणि गुरें, शेळ्या-मेंढ्या यांच्या हाडांबरोबर पाळीव कुत्र्याचीं हाडेंही निघालीं. त्याच संस्कृतीच्या सुमाराचें दायमाबाद हें गांव पूर्वींच्या अहमदनगर, हल्लींच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं आहे. तेथें १९७४ सालीं ब्राँझच्या चार भारी वस्तु सांपडल्या. त्यांपैकीं बैलांच्या रथावर उभा राहून हांकणाऱ्या पुरुषाच्या पुढें, रथाच्या दांडीवर, एक लहानसा कुत्रा उभा आहे. इनामगांवचीं हाडें आणि दायमाबादचा हा कुत्रा एकत्र पाहिले म्हणजे, कोठार, गोठा व रस्ता या तिन्ही ठिकाणीं कुत्रा आपल्या प्रांतांत तीन हजार वर्षांपूर्वींच रुळला होता, असें मानण्यास हरकत नाहीं. इनामगांवच्या शेवटच्या काळांत पाऊस कमी होत गेला, मोठ्या चौकोनी घरांच्या जागीं लहान वाटोळ्या झोंपड्या आल्या, आणि शेतीपेक्षां शेळ्या-मेंढ्यांवर लोकांचा अधिक भार पडूं लागला. जेथें कळप आला तेथें लांडगा आला, आणि जेथें लांडगा आला तेथें भुंकणाऱ्याची किंमत वाढली, हें सांगावयास नकोच.

ग्रंथांकडे वळलें तर तेथेंही कुत्र्याच्या या चाकरीची जाणीव दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गायरानांवरील अधिकाऱ्याच्या प्रकरणांत, व्याध व श्वान बाळगणारे लोक रानांतून फिरते ठेवावे आणि चोर किंवा शत्रु येतांना दिसल्यास त्यांनीं शंख-दुंदुभि वाजवून वर्दी द्यावी, अशी व्यवस्था सांगितली आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील शर्विलक हा घरफोड्या आपल्या अंगच्या विद्या मोजतांना, मनुष्य निजला आहे कीं जागा आहे हें ताडण्याच्या कामीं स्वतःस कुत्र्याची उपमा देतो. राखणदाराची परीक्षा चोरास अधिक असते, हें नाटककारानें बरोबर ओळखलें होतें. चाणक्याच्या नांवावर चालणाऱ्या नीतिवचनांत कुत्र्यापासून शिकण्याजोगे सहा गुण दिले आहेत, त्यांत गाढ निजणें व चटकन् जागें होणें हे दोन आहेत. आपल्या भाषेंतील ‘श्वाननिद्रा’ हा शब्द त्याच अनुभवाचा. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत कुत्र्यांच्या चेष्टा व आवाज यांवरून शकुन पाहण्यासाठीं स्वतंत्र अध्याय खर्ची घातला. त्या शकुनांवर आज कोणी विश्वास ठेवो न ठेवो, त्यावरून एवढें सिद्ध होतें कीं, कुत्रा कोठें, केव्हां व कोणत्या सुरांत भुंकला हें लोक लक्ष देऊन ऐकत असत. आणि मनुस्मृतींत गृहस्थानें वैश्वदेवानंतर कुत्र्यांसाठीं जमिनीवर अन्न ठेवावें असें सांगितलें आहे. कुत्रा अपवित्र म्हणून उंबरठ्याबाहेर, पण त्याचा घास मात्र गृहस्थाच्या नित्यकर्मांत, अशी ही विलक्षण तडजोड होती. उंबरठ्याबाहेर राहिल्यानेंच तो घराचा न होतां दाराचा झाला, आणि दाराचा झाल्यानेंच त्याचा आवाज रस्त्याकडे वळला.

हीच तडजोड मराठी गांवगाड्यांत पक्की झालेली आढळते. पुणें प्रांतांतील गांवास कुसूं असे, वेस असे, वेशीवर वेसकर असे आणि रात्रीच्या राखणीस रामोशी असे. चोरी झाली तर माग काढून तो दुसऱ्या गांवाच्या शिवेपर्यंत पोंचवावयाचा, आणि माग न लागल्यास जबाबदारी आपल्यावर घ्यावयाची, असा राखणदाराचा करार होता. पण एकटा मनुष्य साऱ्या गांवाची रात्र ऐकूं शकत नाहीं. त्याचे कान म्हणजे गांवचे कुत्रे. वेशीकडील कुत्रा भुंकला कीं नदीकडील, पांढरीतला भुंकला कीं काळीतला, एक भुंकून थांबला कीं सारे उठले, यावरून जाणता राखणदार येणाऱ्याची दिशा व संख्या यांचा अंदाज बांधी. बलुत्याच्या यादींत कुत्र्याचें नांव नाहीं. परंतु दर घरचा भाकरीचा तुकडा त्यास ठरलेला होता, आणि त्याच्याकडून घ्यावयाचें कामही ठरलेलें होतें. या अर्थानें भुंकणें हें त्याचें वतन होतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

या वतनाची शिस्त कशी राखली जाई, तें आपल्या भाषेवरून कळतें. मराठींत कुत्र्याच्या आवाजास एकच शब्द नाहीं. तो भुंकतो, गुरगुरतो, वसकन् अंगावर येतो, केकाटतो, कुईकुई करतो, विव्हळतो आणि रडतो. यांतील प्रत्येक शब्द निराळी स्थिति सांगतो, आणि शेतकऱ्याचें लहान पोरही त्यांची गल्लत करीत नाहीं. मनुष्याच्या बाजूनेंही तीन शब्द ठरलेले आहेत : बोलाविण्यास ‘यू यू’, अंगावर सोडण्यास ‘छू’, आणि परतविण्यास ‘हाड’. कुत्रा भुंकला म्हणजे घरचें कोणी तरी ओसरीवर येऊन पाही. ओळखीचा मनुष्य असेल तर कुत्र्यास नांवानें हांक मारून गप्प करी. परका असेल तर त्यास थांबवून विचारपूस करी. म्हणजे कुत्र्यानें वर्दी द्यावयाची, मनुष्यानें ती ऐकल्याची पोंच द्यावयाची, आणि मग कुत्र्यानें थांबावयाचें, असा हा व्यवहार होता. ज्या वर्दीची पोंच मिळत नाहीं ती पुन्हां पुन्हां द्यावी लागते. आजच्या अखंड भुंकण्याचें एक मोठें कारण येथेंच आहे, तें आम्ही पुढें सांगूं.

धनगरांच्या वाड्यावर हा व्यवहार अधिक स्पष्ट दिसतो. दिवाळीनंतर कळप घेऊन निघावें, कोणाच्या रानांत मेंढ्या बसवाव्या, लेंडीखताच्या मोबदल्यांत धान्य किंवा पैसा घ्यावा आणि पावसाच्या तोंडावर माळाकडे परतावें, अशी ही फिरती वस्ती. रात्रीं मेंढ्या जाळीच्या आंत, माणसें तिच्या कडेला, आणि कुत्रे अंधाराच्या अंगाला. चांगला धनगरी कुत्रा दिवसा बहुधा गप्प असतो. त्यास रोज नव्या रानांत मुक्काम करावयाचा असल्यामुळें प्रत्येक नव्या वस्तूवर भुंकून भागत नाहीं. भुंकावयाचें तें लांडग्यावर व रात्रीं कळपाकडे येणाऱ्या परक्यावर. जो पोराटोरांवर किंवा मेंढ्यांवरच भुंकत सुटतो त्यास धनगर ठेवीत नाहीं. भरपूर चाल, ठरलेलें काम, ठरलेला घास आणि सदैव जवळ असणारा धनी, एवढ्या चार गोष्टींनीं हा कुत्रा शहाणा होतो.

या सहवासास धर्माचेंही अधिष्ठान मिळालें. दौंडच्या शेजारींच पुरंदर तालुक्यांत जेजुरी आहे, आणि या बाजूच्या असंख्य घराण्यांचा कुळस्वामी तेथील खंडोबा. मणि-मल्ल दैत्यांशीं झालेल्या युद्धांत देवाबरोबर त्याचा कुत्रा होता, आणि दैत्याच्या रक्ताचा थेंब भुईवर पडून नवा दैत्य उपजूं नये म्हणून त्यानें तें रक्त चाटून घेतलें, अशी कथा आहे. देवास वाहिलेला वाघ्या हा स्वतःस त्या देवाचा कुत्रा समजतो. कोटंबा नांवाच्या लांकडी पात्रांत वाढलेला प्रसाद भुईवर ओणवें होऊन, कुत्र्याप्रमाणें भुंकत खाण्याचा विधि वाघ्ये करीत आले आहेत. परक्या मनुष्यास हें चमत्कारिक वाटतें. परंतु त्यांतला भाव सरळ आहे. धन्याच्या दाराशीं पडून राहावें, त्याचा घास खावा आणि त्याच्यासाठीं जागावें, ही जी कुत्र्याची चाकरी, तिच्याहून मोठी सेवा त्या भक्तास दुसरी सुचली नाहीं.

राजदरबारींही या चाकरीची कदर झाल्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ग्रँट डफ यानें १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत सातारच्या शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याची हकीकत दिली आहे. वाघाच्या शिकारीच्या वेळीं त्यानें महाराजांचा जीव वांचविला. महाराजांनीं त्यास जहागीर व पालखीचा मान दिला. आणि एकदां भर दरबारांत त्यास जरीचीं वस्त्रें व जवाहीर घालून आपलीच पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली. संगममाहुली येथें या कुत्र्याची म्हणून समाधि दाखवितात. ग्रँट डफच्या लेखणीला यांत राजाचा लहरीपणा दिसला असेल. परंतु ज्या देशांत शेतकरी कुत्र्याचा घास विसरत नसे, त्या देशाच्या राजानें त्याची जहागीर लिहून द्यावी, यांत आम्हांस तरी विसंगत असें कांहीं दिसत नाहीं.

इंग्रजी अंमलाबरोबर या विषयांतही नवी दृष्टि आली. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत शिरूरास, म्हणजे घोडनदीस, इंग्रजांची मोठी छावणी होती. १८१७ च्या डिसेंबर अखेरीस कोरेगांवच्या लढाईकडे गेलेली पलटण याच छावणींतून निघाली. इंग्रज अंमलदारांस शिकारी कुत्र्यांचा शोक असे. आणि नाना जातींच्या कुत्र्यांच्या गोंगाट करणाऱ्या टोळक्यास त्यांनीं जो ‘बॉबरी पॅक’ हा शब्द रूढ केला, त्यांतला पहिला शब्द आपल्या ‘बाप रे’ या उद्गारापासून निघाला, असें हॉब्सन-जॉब्सन कोशकारांचें मत आहे. साहेबाचा कुत्रा पट्ट्याचा, मालकीचा व नांवाचा. गांवचा कुत्रा मात्र या नव्या दृष्टीनें बेवारशी ठरला. साऱ्या गांवाचा म्हणजे कोणाचाच नव्हे, असा अर्थ निघाला. याचा परिणाम मुंबईंत प्रथम दिसला. १८३२ सालीं तेथील पोलिसांनीं मोकाट कुत्रे मारण्याची मोहीम काढून कुत्र्यामागें आठ आणे इनाम लाविलें. इनामाच्या लोभानें घरांतले कुत्रेही ओढून नेले जाऊं लागले, तेव्हां ६ जून रोजीं पारशी समाजानें उघड प्रतिकार केला. कुत्र्यास त्यांच्या धर्मांत मोठें स्थान आहे. त्यांच्यामागें इतरही लोक उठले, दुकानें बंद पडलीं, कोटांतील साहेबलोकांचा दाणागोटा अडला, आणि शेवटीं लष्कर बोलवावें लागलें. पिसाळण्याचें भय खोटें नव्हतें; पण मुंडक्यामागें इनाम लावून हा प्रश्न सुटत नाहीं, हा धडा तेव्हांच मिळाला होता.

खेड्यांतील राखणीचें रूपही पालटलें. १८६७ सालीं मुंबई इलाख्यास ग्रामपोलिसांचा कायदा लागू झाला, कुसवें ढासळलीं, वेशी नुसत्या कमानी उरल्या. त्याच शतकांत दौंडास लोखंडी रस्ता आला; पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यास १८७८ सालीं दौंड-मनमाडचा फांटा जोडला गेला आणि भीमेकांठचें हें गांव जंक्शन झालें. जंक्शनाच्या गांवास रात्र नसते. गाड्या येतात, इंजिनें शिट्ट्या देतात, परके लोक मध्यरात्रीं उतरून रस्त्यानें जातात. अशा ठिकाणीं कुत्र्याचें वर्तन पाहण्यासारखें असतें. आगगाडीच्या खडखडाटाकडे तो ढुंकूनही पाहत नाहीं, कारण त्या आवाजापासून कांहीं होत नाहीं हें तो जन्मल्यापासून शिकलेला असतो. परंतु गल्लीच्या तोंडाशीं अनोळखी पाऊल वाजलें कीं ताडकन् उठतो. कुत्रा आवाजाच्या मोठेपणास भीत नाहीं, त्याच्या नवेपणास भितो. ही एक गोष्ट समजली तर भुंकणें आवरण्याचें अर्धें शास्त्र हातीं आलें असें समजावें.

आतां उसाकडे वळूं. मुठा नदीचा उजवा कालवा दौंड तालुक्यांत पाटसच्या बाजूपर्यंत आला. पुढें घोड नदीवर चिंचणीस धरण झालें. आणि जेथें बाजरी व कुरण होतें तेथें बारमाही हिरवें रान उभें राहिलें. उसांत बिबळ्यास लपण आहे, पाणी आहे, व पिलें वाढविण्यास निवांत जागा आहे. त्यास खाद्य काय मिळतें? विद्या अथ्रेया व त्यांचे सहकारी यांनीं अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत बिबळ्याच्या विष्ठेची परीक्षा केली, तेव्हां त्याच्या आहारांत पाळीव प्राण्यांचा वांटा वजनानें ८७ टक्के निघाला. आणि एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के, म्हणजे इतर कोणत्याही प्राण्याहून अधिक. जो राखणदार तोच भक्ष्य, अशी स्थिति झाली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत भागांत बिबळ्याच्या हल्ल्यांत दोन मुलें व एक वृद्धा प्राणास मुकली, तेव्हां त्या भागांतील प्रत्येक वस्तीस रात्रीच्या भुंकण्याचा अर्थ नव्यानें कळला. तेथें कुत्र्याचा आवाज म्हणजे दार लावून घेण्याची वेळ. मात्र अंगणांत सांखळीस बांधलेला एकटा कुत्रा बिबळ्यास दूर ठेवीत नाहीं, उलट त्यास दारापर्यंत आणतो. म्हणून अशा वस्त्यांवर कुत्रा रात्रीं भक्कम जाळीच्या खोलींत किंवा बंद पडवींत ठेवावा. त्याचे कान तेथूनही तितकेच चालतात, आणि त्याची वर्दी देण्यास तो दुसऱ्या रात्रींही जिवंत राहतो.

शहरांकडील गाऱ्हाण्यासही न्याय दिला पाहिजे. दिवसपाळी करून आलेला कारखान्यांतील कामगार, परीक्षेचा विद्यार्थी, अंथरुणास खिळलेला म्हातारा, यांस झोंप नाकारण्याचा अधिकार कोणास नाहीं. कायद्यानें या बाबतींत कांहीं सोय केली आहे. सार्वजनिक उपद्रवाचें जें कलम १८६० च्या दंडसंहितेंत होतें, तें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत २७० वें कलम म्हणून चालू आहे. २००० सालच्या ध्वनिनियमांनीं रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंतचा काळ रात्र ठरवून निवासी भागांत ४५ डेसिबलांची मर्यादा घातली. मोकाट कुत्र्यांस मारणें वर्ज्य करून त्यांचें निर्बीजीकरण व लसीकरण करावें, अशी व्यवस्था २००१ च्या नियमांनीं सुरू झाली, आणि २०२३ च्या नव्या नियमांनीं ती पुढें चालविली. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, असे कुत्रे, पिसाळलेले व आक्रमक वगळून, मूळ जागीं परत सोडावे व त्यांस खाऊं घालण्याच्या जागा नेमून द्याव्या असें सांगितलें. आणि ७ नोव्हेंबरच्या आदेशानें शाळा, दवाखाने, बसस्थानकें व रेल्वेस्थानकें यांच्या आवारांतून मात्र ते हलविण्यास फर्माविलें. निर्बीजीकरणाचा भुंकण्याशीं प्रत्यक्ष संबंध आहे. भाद्रपदापासून पुढें कुत्र्यांच्या ज्या मारामाऱ्या व रात्रभरचा कोलाहल चालतो, तो बहुतांशीं मैथुनकाळाचा असतो. तो या उपायानें कमी होतो. परंतु कोणताही कायदा कुत्र्यास भुंकूं नको असें सांगूं शकत नाहीं. तें काम घरधन्याचें.

येथें आधुनिक शास्त्र आपल्या जुन्या अनुभवाच्या मदतीस येतें. हंगेरींतील बुडापेस्ट येथील पोंग्राट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुदी नांवाच्या मेंढपाळी कुत्र्यांचे निरनिराळ्या प्रसंगींचे आवाज ध्वनिमुद्रित करून लोकांस ऐकविले. २००५ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, साधीं माणसेंही ते प्रसंग नुसत्या आवाजावरून बऱ्याच अंशीं ओळखतात. खालच्या पट्टींतले, जलद, घोगरे भुंकार परक्यावरचे. उंच, स्वच्छ, अंतरा-अंतरानें येणारे भुंकार एकटेपणाचे. आपल्या शेतकऱ्यास हें नवें नाहीं. नवें आहे तें हें कीं, शहरांत आपण ऐकण्याचेंच सोडून दिलें. एकटेपणानें भुंकणाऱ्या कुत्र्यावर ओरडलें तर त्यास सोबत मिळाल्यासारखें वाटतें व तो अधिक भुंकतो. परक्यावर भुंकणाऱ्यावर ओरडलें तर धनीही आपल्याबरोबर भुंकत आहे असें त्यास वाटतें. दोन्ही ठिकाणीं रोग एक आणि औषध भलतेंच, असा प्रकार होतो.

तेव्हां उपाय कारण पाहून करावा. दिवसभर सांखळीस बांधलेला कुत्रा रात्रीं भुंकणारच. त्यास सकाळ-संध्याकाळ भरपूर चालवावें. रस्त्यावरच्या प्रत्येक पायरवास भुंकत असेल तर फाटकाची खालची फट व जाळी झांकून घ्यावी, म्हणजे निमित्तच कमी होतें. लहानपणींच त्यास दूधवाला, टपालवाला, फटाके, मोटारी यांची हळूहळू ओळख करून द्यावी. दौंडच्या कुत्र्यास आगगाडीची झाली तशी. वर्दी दिली कीं स्वतः उठून पाहावें, शांत स्वरांत ‘पुरे’ म्हणावें, आणि तो थांबतांच त्यास घास द्यावा. ओरडत असतां कधींही देऊं नये. घास व फिरणें यांच्या वेळा ठरलेल्या असाव्या. जो पूर्वीं भुंकत नसे व एकाएकीं भुंकूं लागला, त्यास पशुवैद्यास दाखवावें. म्हातारपणीं कान व दृष्टि मंदावल्यानें किंवा दुखण्यानेंही असें होतें. आळींतील मोकाट कुत्र्यांस दोनचार घरांनीं मिळून एकाच जागीं, एकाच वेळीं, लोकांच्या दारापासून दूर खाऊं घालावें, आणि त्यांच्या लसीची व शस्त्रक्रियेची जबाबदारी घ्यावी. ज्यांस ही यातायात नको, ते कुत्र्याची वाचाच कापण्याची शस्त्रक्रिया किंवा विजेचा झटका देणारा पट्टा शोधतात. १९८७ च्या युरोपीय करारानें पाळीव प्राण्याची वाचा नष्ट करणें निषिद्ध ठरविलें, आणि तें योग्यच केलें. राखणदाराची जीभ छाटून घर राखलें जात नाहीं.

आम्हांस शेवटीं एवढेंच म्हणावयाचें आहे. भुंकणें ही कुत्र्याची खोड नसून आपण त्यास लाविलेली चाकरी आहे. इनामगांवच्या पाटापासून पिंपरखेडच्या उसापर्यंत ती त्यानें इमानानें बजाविली. तिच्या मोबदल्यांत दोन गोष्टी त्यास मिळत होत्या : ठरलेला घास, आणि त्याच्या आवाजाची पोंच देणारा मनुष्य. हल्लीं शहरांत घास मिळतो पण पोंच मिळत नाहीं. गल्लींत कित्येकदां दोन्ही मिळत नाहींत. आणि तरी आपण तक्रार करितों ती चाकरीची. ज्यास कुत्रा ठेवावयाचा आहे त्यानें त्याचें ऐकण्याची तयारी ठेवावी, आणि ज्यास तें नको त्यानें तो ठेवूंच नये. शेजाऱ्याची झोंप व राखणदाराचा आवाज या दोहोंस एका आळींत जागा होऊं शकते. आपल्या खेड्यांतून ती पिढ्यान् पिढ्या झालेली आहे. मात्र त्यासाठीं कुत्रा भुंकला असतां धन्यानें उठून दाराशीं आलें पाहिजे.